दर्या आणि दऱ्या

मुंबईतल्या मराठी छपाईचा विषय निघाला की जावजी दादाजींचं नाव येतंच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अगदी लहान वयात खिळे घासायच्या कामाला लागलेला हा मुलगा. खिळे म्हणजे शिशाचे टाइप. आमच्या धंद्यात त्यांना खिळेच म्हणत. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडेला शिशाचा बारीक उंचवटा राहतो, तो घासून काढायचा. अशा कामातून वर आलेल्या जावजींनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून निघालेली निर्णयसागरची पुस्तकं देशभर गेली. संस्कृतचे अभ्यासक आजही निर्णयसागरची प्रत म्हटली की विश्वासाने हातात घेतात.

जावजींच्या हाती आलेली अक्षरं मात्र दुसऱ्यांनी पाडलेली होती. मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे आटोपशीर खिळे तयार केले होते. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं होतं. जावजी आणि त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी तीच अक्षरं घेऊन त्यांचे ठसे नव्याने कोरले. वळणं सुडौल केली, जोडाक्षरांची ठेवण नीट केली. पंचांग बघणाऱ्या भटजींना किंवा पोथी वाचणाऱ्या आजीबाईंना त्यासाठी नवीन काही शिकावं लागलं नाही. अलीकडे छपाई सुबक येते, एवढंच त्यांना जाणवलं असेल.

कॉम्प्युटरच्या जगात अशा कामाला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांचं याच नावाचं पुस्तक १९९९ साली आलं आणि हा शब्द प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या तोंडी रुळला. अर्थ सोपा आहे. प्रोग्राम बाहेरून जे काम करतो ते तसंच राहू द्यायचं आणि आतली मांडणी सुधारायची. दुकान चालू ठेवून फडताळं बदलायची, गिऱ्हाइकाला धूळ लागू द्यायची नाही.

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंत. पन्नाशी ओलांडल्यावर प्रोग्रामिंगची धुळाक्षरं गिरवतो आहे. नवशिक्याला वाटतं, आपण कोऱ्या पानावर काहीतरी नवं लिहू. प्रत्यक्षात हाती येतो तो दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम, आणि त्यातच हात घालावा लागतो. तसा हात घालताना मला जे प्रश्न पडले, तेच प्रश्न आपल्या लिपीपुढे या शहरात पावणेदोनशे वर्षं उभे राहत आले आहेत. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

१९९०च्या दशकात मी लालबागमधल्या एका लहानशा छापखान्यात कामाला होतो. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, पतपेढ्यांचे ताळेबंद, कामगारांच्या सभांची पत्रकं असं आमचं काम. खिळ्यांच्या केसी तेव्हा अडगळीत जाऊ लागल्या होत्या. देवनागरीच्या जुळाऱ्याला काही शे खण सांभाळावे लागत, कारण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार या सगळ्यांचे खिळे वेगळे. केसींच्या जागी कॉम्प्युटर आला, पण त्याला मराठी येत नव्हतं. मग आपल्या लोकांनी एक युक्ती काढली.

कॉम्प्युटर अक्षर ओळखतो ते आकड्यावरून. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६. त्या काळच्या फॉन्टमध्ये असे २५६ खण असत. या खणांतली इंग्रजी अक्षरांची चित्रं काढून तिथे मराठी अक्षरांची, किंवा अक्षरांच्या तुकड्यांची चित्रं बसवली. कॉम्प्युटरच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजीच लिहीत असे. पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटे.

ही युक्तीही कोऱ्या पानावर सुचलेली नव्हती. तिच्या मागे टाइपरायटर होता. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, त्याच गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. टाइपरायटरवर नव्वदेक चिन्हांतच सगळी मराठी बसवायची असते. म्हणून त्यावर ‘ष’, ‘ण’, ‘ध’ ही अक्षरं अर्धीच ठेवत. पूर्ण अक्षर हवं तर पुढे काना मारायचा. कॉम्प्युटरच्या अनेक फॉन्टांनी हाच हिशेब उचलला. टायपिंग शिकलेल्या मुलामुलींना हाताची सवय मोडावी लागली नाही. या युक्तीवर मराठी प्रकाशनाचा गाडा पंधरा-वीस वर्षं चालला, त्यामुळे तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण प्रत्येक कंपनीचे खण वेगळे होते. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे.

या चिवड्यात माझ्या एका मित्राची आयुष्यभराची कविता अडकून पडली होती. तो परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तो गिरणीत परत गेला नाही. पुढे मिळेल ते काम केलं आणि कविता लिहिल्या. छापखान्याचं काम संपलं की संध्याकाळी मी त्याच्या कविता कॉम्प्युटरवर उतरवून घेत असे. तो उभा राहून वाचायचा, मी टाइप करायचो. थोड्या कविता एका पुस्तिकेत आल्या, बाकीच्या फ्लॉपीवर आणि मग सीडीवर राहिल्या. वह्या एका पावसाळ्यात गेल्या. मित्रही गेला. काही वर्षांनी त्याची मुलगी सीडी घेऊन आली. जुना फॉन्ट शोधून बसवला तर माझ्या कॉम्प्युटरवर कविता दिसत. तिच्या मोबाइलवर पाठवल्या की पुन्हा तोच चिवडा. तिचं म्हणणं होतं, “काका, बाबांची कविता मला माझ्या मुलाला फोनवर वाचून दाखवायची आहे.” सुमारे दीडशे कविता होत्या. पुन्हा हाताने टाइप करणं शक्य होतं; पण त्याच छापखान्याच्या कितीतरी स्मरणिका, अहवाल आणि पत्रकं याच अवस्थेत पडली होती. त्या सगळ्यांसाठी एकच किल्ली घडवावी असं वाटलं.

दरम्यानच्या काळात कॉम्प्युटर मराठी शिकला होता, तेही टप्प्याटप्प्याने. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी तंत्र तयार केलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे वाढलं. त्यातून ‘इस्की’ ही भारतीय अक्षरांची प्रमाण संकेतावली आली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामागचा विचार पाणिनीच्या देशाला शोभणारा होता. बंगाली, गुजराती, तेलुगू, मराठी या सगळ्यांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते. तेव्हा प्रत्येकीसाठी नवा तक्ता कशाला, वर्णांचा एकच तक्ता सगळ्यांना चालेल. त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांना एका सूत्रात ओवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडवाल्यांनीही देवनागरीसाठी शून्यापासून सुरुवात केली नाही. इस्कीचा १९८८ सालचा तक्ता त्यांनी पायाला घेतला. तेव्हापासून ‘क’ म्हणजे २३२५. फॉन्ट कुठल्याही कंपनीचा असो, जगात कुठेही हा आकडा तोच.

आकडे मिळाले तरी ते पडद्यावर दाखवायला अक्षरं लागतात. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घराघरांत गेला. तो रेखला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतले शिक्षक आणि मराठी कवी असलेले जोशी २००८ साली गेले. आपण ज्या अक्षरांत वर्षानुवर्षं ई-मेल वाचल्या, ती एका कवीच्या हातची होती, याचा मला कवी म्हणून फार अभिमान वाटतो.

आता किल्लीकडे वळू. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम हिंदीच्या जाणकारांनी आधीच लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. माझी भाची लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती अशा जागेवरच्या एका ऑफिसात प्रोग्रामर आहे. तिने असा एक प्रोग्राम मला उतरवून दिला, पायथन भाषेची तोंडओळख करून दिली आणि बजावलं, “मामू, आधी आठ दिवस नुसतं वाचा. हात मग लावा.”

मी वाचायला बसलो. पहिला भाग म्हणजे एक लांबलचक तक्ता. डाव्या बाजूला जुन्या फॉन्टमधलं चिन्ह, उजव्या बाजूला त्याचं युनिकोडमधलं रूप. आमच्या फॉन्टचे खण वेगळे असल्यामुळे हा तक्ता मला नव्याने भरायचाच होता. पण तक्त्यातल्या ओळींचा क्रम चमत्कारिक वाटला. तो वर्णमालेप्रमाणे नव्हता. ‘अर्धा ष आणि काना मिळून ष’ ही ओळ आधी, आणि नुसत्या अर्ध्या ‘ष’ची ओळ खूप नंतर. नवशिक्याचे हात शिवशिवतात ते अशाच जागी. वाटतं, हे सगळं क, ख, ग असं सुरेख लावून टाकावं.

भाचीला विचारलं. ती म्हणाली, “बाजूला एक नक्कल करा, त्यात क्रम उलटा करून बघा आणि काय होतं ते मला सांगा.” तसं करून पाहिलं. प्रोग्रामने आधी अर्धा ‘ष’ बदलून टाकला आणि त्याच्यामागचा काना एकटा पडला. ‘भाषा’ या शब्दात पाय मोडलेला ‘ष्’ आणि त्याच्यापुढे दोन उघडे काने उभे राहिले. म्हणजे जो क्रम गबाळा वाटत होता, त्याच्यावर सगळा डोलारा उभा होता. मोठा तुकडा आधी, लहान तुकडा नंतर. लिहिणाऱ्याने कारण कुठे लिहून ठेवलं नव्हतं. पण कारण होतंच, आणि त्याचं मूळ १९५५च्या टाइपरायटरच्या त्या अर्ध्या अक्षरात होतं.

दुसरा भाग ऱ्हस्व वेलांटीचा. ‘मित्र’ हा शब्द घ्या. तोंडाने म्हणताना आधी ‘म’, मग ‘इ’. कागदावर मात्र डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग ‘म’. ‘स्थिती’मध्ये तर वेलांटी ‘स’च्याही आधी उभी, आणि उच्चार होतो ‘थ’च्या नंतर. रफाराचं याच्या उलट. ‘कीर्ती’ म्हणताना ‘र’ आधी येतो आणि ‘त’ नंतर. लिहिताना तो ‘ती’ लिहून झाल्यावर डोक्यावर चढतो. म्हणजे आपल्या लिपीत एक क्रम तोंडाचा आहे आणि एक डोळ्याचा. खिळे जुळवणारा, टाइपरायटरवाला आणि जुने फॉन्ट हे तिघेही डोळ्याच्या क्रमाने चालत. युनिकोड तोंडाच्या क्रमाने साठवतो. त्यामुळे प्रोग्रामला प्रत्येक वेलांटी उचलून जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार उचलून अलीकडे आणावा लागतो.

या एका वेलांटीने भल्याभल्यांना दमवलं आहे. यंत्रावर छपाई सोपी व्हावी म्हणून लिपी सुधारण्याचे प्रयत्न टिळकांच्या काळापासून चालू होते. केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याची त्यांची खटपट होती. पुढे दादरला स्थायिक झालेल्या सावरकरांनी ‘अि’, ‘अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली आणि काही नियतकालिकांनी ती काही काळ वापरलीही. १९५३ साली लखनौला लिपिसुधार परिषद भरली. तिने शिफारस केली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी आणि दीर्घ वेलांटीपेक्षा आखूड काढावी. यंत्राच्या दृष्टीने शिफारस तर्कशुद्ध होती, कारण डोळ्याचा क्रम तोंडाच्या क्रमाला येऊन मिळाला असता. पण वाचणाऱ्यांना ती वेलांटी पचली नाही. थोड्याच वर्षांत शिफारस मागे घ्यावी लागली.

गंमत पाहा. लखनौच्या परिषदेला जे कागदावर हवं होतं, ते आज प्रत्येक मोबाइलच्या पोटात घडतं आहे. ‘मित्र’ लिहिलं की आत आधी ‘म’ साठवला जातो, त्याच्या उजवीकडे वेलांटी. पडद्यावर दाखवताना मात्र यंत्र ती उचलून डावीकडे, आपल्या आजीच्या डोळ्यांना सवय आहे तिथे ठेवतं. १९५३ साली यंत्राची अडचण वाचणाऱ्याच्या गळ्यात टाकली होती. आता ती यंत्राने स्वतःकडे घेतली. सुधारणा जवळजवळ तीच. एक परत पाठवली गेली आणि दुसरी तुमच्या-माझ्या खिशात आहे. जावजींचे खिळे का टिकले, याचं उत्तरही मला इथेच मिळतं.

उर्दूचा अनुभवही हेच सांगतो. माझे चाचा मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते. रोजचा पेपर हाताने लिहायचे. इंग्रजी पेपर खिळ्यांवर छापले जात होते तेव्हाही उर्दू पेपर कातिबांच्या बोरूवर चालत, कारण सुट्या खिळ्यांवर सोपी जाणारी नस्ख वळणाची अक्षरं उर्दू वाचकाने मनापासून कधी स्वीकारली नाहीत. त्याला त्याची तिरकी, उतरत्या चालीची नस्तालीकच हवी होती. १९८१ साली पाकिस्तानातले सुलेखनकार अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ तयार केली. त्यासाठी अठरा-वीस हजार जोडरूपं रेखून यंत्रात भरली गेली. कष्ट किती घेतले बघा, पण वाचकाची अक्षरं वाचकाकडे राहिली.

आता मराठीची खास अडचण सांगतो. ती अनुभवल्याशिवाय हिंदीच्या जाणकाराला सुचणं कठीण. आपल्याकडे अर्ध्या ‘र’ची दोन रूपं आहेत. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि ‘दुसऱ्या’मध्ये ‘य’च्या आधी आडव्या भुवईसारखा येतो. हिंदीला हे दुसरं रूप लागत नाही, म्हणून हिंदीसाठी लिहिलेल्या तक्त्यात त्याची ओळच नव्हती. आपल्याला मात्र बिऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर हे शब्द त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. ‘दुसऱ्याचा’ हा शब्दसुद्धा नाही.

तक्त्यात एक ओळ वाढवायची, एवढंच काम वाटतं. पण त्या ओळीच्या उजव्या बाजूला काय लिहायचं? साधा ‘र’ लिहून त्याचा पाय मोडला तर युनिकोडच्या नियमाप्रमाणे यंत्र त्याचा रफार करतं. माझ्या मित्राच्या एका कवितेत घाटातल्या दऱ्या आहेत, आणि पुढच्याच कडव्यात वरळीचा दर्या आहे. ‘दरी’ हा अस्सल मराठी शब्द. ‘दर्या’ फारसीतून येऊन कोळ्यांच्या गाण्यात असा मिसळला की तो परका होता हे आज कुणाच्या ध्यानातही नसतं. दोन्ही शब्दांत ‘र’ आणि ‘य’ आहे, फरक आहे तो त्या भुवईचा. ती चुकली तर साऱ्या दऱ्यांचा दर्या होतो. आणि फसगत अशी की ‘दर्या’ हाही शुद्ध शब्द आहे. शब्द मोडलेला दिसत नाही, यंत्र तक्रार करत नाही, चिवडा उमटत नाही. आचाऱ्यांना बोलवा म्हटलं की आचार्यांना आमंत्रण जातं. कवी हयात नसेल तर हे दुरुस्त कोण करणार?

उत्तर युनिकोडच्या तक्त्यात सापडलं. साध्या ‘र’शेजारी तिथे नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे. तो मुळात द्राविडी भाषांतला एक कठोर ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला. त्याचा पाय मोडला की आपली भुवई उमटते. इस्कीपासून चालत आलेली ही सोय. म्हणजे मराठीतलं बिऱ्हाड दाक्षिणात्य शेजाऱ्याच्या खोलीत थाटलेलं आहे. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. हा ‘ऱ’ दिसायला निरुपयोगी. हिंदीला नको, मराठीत पूर्ण रूपात लिहिला जात नाही. कुणी टापटिपीच्या भरात तो तक्त्यातून काढून टाकला असता, तर आपल्या भाषेतले शेकडो शब्द मुके झाले असते.

म्हणून दुरुस्ती करण्याआधी मी कठीण शब्दांची एक यादी केली. स्थिती, कीर्ती, उत्तीर्ण, क्षत्रिय, लक्ष्मी, वाङ्मय, दर्या, दऱ्या, आचार्य, आचाऱ्यांना, असे दोनेकशे शब्द. प्रोग्राममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ही सगळी यादी त्यातून काढायची आणि आधी बरोबर असलेला एकही शब्द बिघडला नाही याची खात्री करायची. प्रोग्रामर याला चाचणी म्हणतात. आम्ही छापखान्यात हेच करत होतो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवायचं. आणि एक खिळा बदलला तरी सगळी ओळ पुन्हा वाचायची, कारण खिळा काढताना शेजारचा सरकलेला असू शकतो. गिरगावच्या खटाववाडीत मौज छापखान्याने शुद्ध मुद्रणाचं जे नाव कमावलं, त्याच्यामागे अशाच कंटाळवाण्या वाचनाची तपश्चर्या होती.

जुन्या प्रोग्रामला हसण्याची एक फॅशन असते. १९९०च्या दशकाच्या अखेरीला वाय-टू-केचा गलका झाला, तेव्हा बँकांचे आणि विमा कंपन्यांचे जुने प्रोग्राम तपासण्याचं मोठं काम भारतात आलं. दादर-गिरगावच्या कितीतरी घरांतली मुलं कोबोल शिकून या कामाला लागली. साल दोनच आकड्यांत लिहिणारे जुने लोक मूर्ख होते का, असं तेव्हा सहज म्हटलं जाई. पण ते ज्या पंचकार्डावर माहिती भरत त्यावर फक्त ऐंशी रकाने होते आणि कॉम्प्युटरची स्मृती सोन्याच्या भावाची होती. प्रत्येक तारखेमागे दोन रकाने वाचवणं हा शहाणपणाचा संसार होता. गरज बदलली, तेव्हा प्रोग्राम बदलावे लागले. बदलणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी आधी हे कारण समजून घेतलं असेल, त्यांना तारीख कुठे कुठे लपली असेल याचा अंदाजही लवकर आला असेल.

मग बाहेरचं काहीच कधी बदलू नये का? तसं नाही. भाषा बोलणारे बदलले की लिपीलाही दार उघडावं लागतं. ‘ॲड.’ आणि ‘ऑफिस’ हे उच्चार मराठीत केव्हाच मुरले होते. युनिकोडमध्ये ‘ऑ’ होता, पण ‘ॲ’साठी स्वतंत्र आकडा नव्हता, लोक ‘अ’वर चंद्र चढवून वेळ भागवत. २००८ साली युनिकोडने ‘ॲ’ला जागा दिली आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अधिकृत मराठी वर्णमालेत आले. हा बदल टिकला, कारण तो लोकांच्या तोंडून निघून तक्त्यात गेला होता. आमच्या प्रोग्राममध्येही त्याची ओळ आहे. जुन्या फाइलींतल्या चंद्र चढवलेल्या ‘अ’ला ती नवं घर देते.

दुसऱ्याचं लिहिलेलं हाती घेऊन सुधारण्याचं मराठीतलं सगळ्यात थोर उदाहरण एकनाथांचं. तीनशे वर्षं नकला होत होत ज्ञानेश्वरीत पाठभेद आणि अशुद्धं शिरली होती. नाथांनी शके १५०६मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः केवढे मोठे कवी! पण त्यांनी आपली ओवी तिच्यात मिसळली नाही आणि पुढच्यांनीही मिसळू नये अशी ताकीद दिली. आपण काय केलं आणि कोणत्या शकात केलं, हेही ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवलं.

प्रोग्राममध्येही अशा नोंदीची सोय असते. ओळीच्या आरंभी एक खूण केली की यंत्र ती ओळ वगळून पुढे जातं. ती ओळ फक्त माणसांसाठी असते, उद्या हा प्रोग्राम उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आमच्या प्रोग्रामच्या माथ्यावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव जसंच्या तसं ठेवलं आहे. त्याच्याखाली आम्ही काय वाढवलं ते तारखेसह लिहिलं आहे. तक्त्याच्या क्रमाला हात लावण्याआधी अर्ध्या ‘ष’चा विचार करा, असं एका ओळीत सांगितलं आहे. आणि ‘ऱ’च्या समोर लिहिलं आहे : ही ओळ काढू नका, हिच्यावाचून दऱ्यांचा दर्या होतो.

मित्राच्या कविता आता त्याच्या मुलीच्या फोनवर आहेत. लालबागच्या त्या स्मरणिकांचं काम चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)